टोमॅटोने धुतलेले हात

फोटोवाला आला तेव्हा दिवस कलला होता आणि तोडणी संपत आली होती. तीन पायांचा कॅमेरा खांद्यावर, काळं कापड गळ्यात, नाक उन्हाने सोललेलं. टोमॅटोच्या सऱ्यांतून तो थेट पोरांपाशी आला, थोरलीचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि शेजारी तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोला म्हणाला, "आता उजेड गेला. उद्या सकाळी येतो. तुमच्या तिन्ही पोरांचा फोटो काढायचाय."

एवढं बोलून तो गेला. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, आणि बायकोने विचारलं नाही. नवऱ्याने मात्र तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं, की आता आपली धडगत नाही.

पिकामागून पीक शोधत हे बिऱ्हाड इथवर आलं होतं. बायकोची आई लांब, आपल्या घरी. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर बायको तिला निरोप धाडायची, की पोरं मजेत आहेत आणि शाळेत जातात. पहिलं खरं होतं. दुसरं एकदा तोंडातून निघून गेलं, आणि मग दर निरोपात पोरं एकेक इयत्ता वर चढत गेली. धाकट्या भिंगरीला अजून नाक पुसता येत नव्हतं, पण आजीच्या लेखी तिला पाढे येत होते.

"अहो, आईला फोटो धाडू," बायको म्हणाली. "म्हातारीचा जीव थंड होईल."

"आणि शाळा?"

"फोटोत शाळा कशाला दिसायला हवी? पोरं स्वच्छ दिसली की झालं."

तिथेच तर घोडं अडत होतं. टोमॅटोच्या झाडाला हात लागला की हिरवा चीक बसतो, आणि थोड्या वेळात तो डांबरासारखा काळा होतो. साबणाला दाद देत नाही. उतारा टोमॅटोचाच, कच्चा फोडून चोळायचा. रोज एवढं कोण करतो? पण सकाळी बायकोने तिन्ही पोरांना बादलीपाशी बसवलं आणि घासायला घेतलं.

"आई, कातडं राहू दे थोडं!" मधला ओरडला.

"राहील. वरचं तुझं नव्हतंच."

शेजारच्या खोपटातली बाई डोकावली. "काय गं, लग्न आहे का कुणाचं?"

"तुझंच. नवरा शोधतेय."

नवऱ्याच्या हातात आरसा दिला होता. तो हलवला की शिव्या बसत होत्या.

फोटोवाला आला. पोरं ठेवणीतल्या कपड्यांत, भांग पाडून, गुलाबी हात मांडीवर ठेवून बसलेली. त्याचा चेहरा दूध नासावं तसा झाला.

"हात कुठे गेले?"

"मनगटाला आहेत की," नवरा म्हणाला.

फोटोवाला मटकन टोपलीवर बसला. मग त्याने सांगितलं. कायदे करणारे लोक म्हणतात, शेतावरची पोरं काय, मोकळ्या हवेत खेळतात. त्यांना ते काळे हात दाखवायचे होते, म्हणजे पोरांना शाळेत धाडायचा कायदा ते करतील. "आता हे बघून म्हणतील, किती गोड पोरं! आणि माझ्याकडे फोटोची एकच काच उरलीय."

"मग काल सांगायचं नाही का, भाऊ?"

"चुकलंच, ताई."

बायकोने ओले हात पदराला पुसले. "ते बघून पोरं खरंच शाळेत जातील?"

"सांगता येत नाही. पण काही दाखवलंच नाही तर नक्की जाणार नाहीत."

ती पोरांच्या हातांकडे बघत राहिली. नवऱ्याला ठाऊक होतं, तिला आई दिसतेय.

"कपडे नाही बदलणार," ती म्हणाली.

"नका बदलू."

"भांगही मोडू द्यायची नाही."

"नाही मोडत."

"मग उठा रे, चला सरीत!"

"धुतलेल्या हातांनी?" थोरली म्हणाली.

"नाही, पायांनी तोड. आणि कपड्याला डाग लागला तर याद राखा!"

म्हणून ती पोरं ठेवणीतल्या कपड्यांत टोमॅटो तोडायला लागली. ऊन चढलं तसे हात पुन्हा काळे झाले. फोटोसाठी उभी राहिली तेव्हा आईच्या धाकाने तिघांनी हात अंगापासून लांब, पुढे धरले होते. फोटोवाला कापडाखाली शिरला, तेवढ्यात भिंगरीचं नाक वाहिलं, बायको पदर घेऊन धावली आणि खटका पडला.

फोटोची प्रत पुढच्या पिकावर असताना हाती आली. लख्ख पोरं, कोळशासारखे हात, आणि कडेला एक कोपर.

"आता आईला काय सांगणार?" नवऱ्याने विचारलं.

बायकोने फोटो उजेडात धरला. "शाई," ती म्हणाली. "पोरं इतका अभ्यास करतात, की हात बघा."

नवरा हसून हसून खोकला. "आणि हे कोपर?"

"ते आई ओळखेल. लहानपणी रात्र रात्र ढोसलंय तिला त्याने."

बायकोचा फोटो म्हणून पुढे तेवढं कोपरच राहिलं.

कायदा झाला, पण रमतगमत. तोवर थोरली मोठी झाली होती, मधलाही जवळजवळ. भिंगरी तेवढी कायद्याला सापडली. शाळेच्या पहिल्या दिवशी ती परतली ती मनगटापर्यंत शाईने माखून. बायकोने तिला बादलीपाशी बसवलं, कच्चा टोमॅटो फोडला आणि चोळायला लागली. दुसरा फोडला. शाई ढिम्म.

"अहो, हे निघत नाही हो!" ती म्हणाली, आणि हसता हसता उरलेला टोमॅटो तिने नवऱ्याला फेकून मारला.