कोंबड्याखालची फुली

फुली मारून झाली आणि मगच ल्यूथर स्ट्राउडच्या लक्षात आलं, की ती कोंबड्याखालच्या गोलात पडली आहे. कोंबडा ही जुन्या पक्षाची खूण. बापाने तिथेच मारली, थोरल्या भावाने आणि त्यानेही वर्षानुवर्षं तिथेच. गोलात एक फुली, की वरपासून खालपर्यंत सगळी मतं त्या पक्षाला. एखादं नाव वगळायचं, तर गोल कोरा ठेवून एकेका नावापुढे फुल्या मारत बसायचं. एवढा उपद्व्याप कोण करतो? यंदा नव्या, नांगरवाल्या पक्षातर्फे लेफ्टनंट गव्हर्नरच्या जागेला तो स्वतः उभा होता, आणि हाताच्या सवयीने स्वतःलाच पाडून मोकळा झाला होता.

दुसरी मतपत्रिका मागता आली असती. पण इंडियानाभर आगगाडीने फिरून, रिकाम्या बाकांपुढे भाषणं ठोकून तो पार शिणला होता. शिवाय चूक सांगायची ती गावासमोर. त्याने कागदाची घडी घालून दिली.

बाहेर रांगेत थोरला भाऊ ईनॉक होता. ल्यूथरने पक्ष सोडला, त्या दिवसापासून त्याने अबोला धरला होता. नाताळच्या जेवणालाही बोलावलं नाही. निवडणुकीपेक्षा ल्यूथरला तेच जास्त लागलं होतं. ईनॉक त्याच्याकडे न बघता आत गेला, तो लवकर बाहेरच येईना.

"कोंबडा अंडं घालेपर्यंत थांबतो की काय हा?" रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

दादाची नजर अधू झाली, असं ल्यूथरच्या मनात आलं आणि त्याला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो हार्लनच्या दुकानात कोंबड्यांसाठी मका आणायला गेला. शेगडीभोवती निकालाच्या गप्पा चालल्या होत्या. राज्यात तो पडला होताच. गावात त्याला एकच मत होतं.

"चला, घरचं मत तरी फुटलं नाही," हार्लन म्हणाला.

सगळे हसले. ल्यूथरही हसायला गेला आणि मध्येच थांबला. कोपऱ्यात ईनॉक मक्याच्या पोत्याचं तोंड शिवत होता. तो हसला नव्हता.

ल्यूथर त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"दादा, काल आत फार वेळ लागला तुला."

"पेन्सिल बोथट होती." ईनॉकने दोरा तोडला. "तुझी?"

"माझी बरी होती," ल्यूथर खाली बघत म्हणाला.

"मग उभा काय राहिलास? धर त्या टोकाला."