ग्राबच्या शाळेची जाहिरात

सतरा वर्षं मी एक जाहिरात लपवली आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भोळीभाबडी समजायला नको.

मी रोसांदा, खालच्या गावातल्या मोठ्या शाळेतली कारकून. आमच्या शाळेची एक शाखा वर डोंगरात आहे, ग्राब नावाच्या वाडीत. एकच खोली, एकच लोखंडी शेगडी, आणि पहिली ते चौथीची मुलं सगळी एकत्र. कधी सात, कधी अकरा. पाचवीपासून ती खाली आमच्याकडे येतात. ग्राबला शिकवायला कुणी जायला तयार नसायचं. हिवाळ्यात रस्ता बंद, फोनला रेंज नाही, आणि लग्न जमवायचं तर मेंढ्यांशीच जमवावं लागेल, असं आमचे मुख्याध्यापक व्लादेता म्हणायचे.

तिथे स्तामेना शिकवायची. ती ग्राबचीच. शिक्षिका व्हायला चार वर्षांची पदवी लागते, ती घ्यायला ती शहरात गेली होती. चारही वर्षं केली, वर्गावरचा सराव केला, आणि दोन परीक्षा राहिल्या असताना वडील झाडावरून पडून गेले. आई अंथरुणाला खिळली. ही परत आली ती आलीच. राहिलेल्या परीक्षा कुठल्या, तर एक गणित शिकवण्याच्या पद्धतीची आणि दुसरी वाद्य वाजवण्याची. आमच्याकडे प्राथमिकच्या बाईंना एक तरी वाद्य यावं लागतं. स्तामेनाला अकॉर्डियन चांगलं यायचं, फक्त परीक्षकांसमोर वाजवायचं राहिलं होतं.

पदवी नसलेल्या माणसाला आमच्याकडे वर्षापुरतंच घेता येतं. एक सप्टेंबर ते एकतीस ऑगस्ट, ‘पदवीधर मिळेपर्यंत’. दरवर्षी नव्याने जाहिरात द्यायची, आठ दिवस ती लावून ठेवायची. एक जरी पदवीधर आला तरी बिनपदवीच्या माणसाचा अर्ज उघडायचासुद्धा नाही. मग मी काय करायची? ऑगस्टच्या ऐन मध्यात, सगळे आलुबुखार उतरवायला आणि त्याची दारू, राकिया, गाळायला बसलेले असताना, ती जाहिरात मागच्या जिन्यापाशी लावायची. तिच्यावर जिम्नॅस्टिकच्या स्पर्धेचं जुनं पत्रक. आठ दिवस झाले की काढून फाइलला लावायची. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना हे माहीत होतं. ग्राबची जागा स्तामेनाची, तिथे कुणी अर्ज करायचा नाही, हे न बोलता ठरलेलं होतं.

आता माझं खरं पाप सांगते. जाहिरात त्यापुढे काहीच नाही.

मध्यंतरी पदवीचा अभ्यासक्रम बदलला. जुन्या अभ्यासक्रमाच्या लोकांना राहिलेल्या परीक्षा द्यायला सरकारने मुदत दिली. ती मुदत संपायची आणि वाढायची, पुन्हा संपायची आणि पुन्हा वाढायची. आमच्या देशात कुठली मुदत पहिल्या खेपेला संपलीय? पाच-सहा वेळा वाढली तेव्हा लोकांनी ती मनावर घेणंच सोडून दिलं. एका जूनमध्ये स्तामेना खाली आली. अंगावर ठेवणीतला झगा, हातात रजेचा अर्ज.

“रोसाताई, सप्टेंबरात दोन आठवडे सोडा मला. दोन्ही परीक्षा एकदम देऊन टाकते. आईला बघायला शेजारीण तयार आहे.”

“आणि पोरांना कोण बघणार? तुझी शेजारीण?” मी म्हटलं.

“बदली कुणी तरी मिळेल की.”

“बदली मागायची म्हणजे शिक्षण खात्याला पत्र पाठवा. वरून विचारणार, ग्राबला आहे कोण, पदवी काय. नसतं लफडं गळ्यात घेऊ नकोस. पुढच्या वर्षी दे. मुदत वाढणारच आहे, दरवर्षी वाढते.”

तिने अर्जाची घडी घातली. “तुम्हाला जास्त कळतं,” म्हणाली. मी तिला कॉफी पाजली आणि घरून आणलेल्या चीजच्या पोळीचा तुकडा दिला. खरं कारण हे होतं की त्याच सप्टेंबरात माझ्या मुलीचं लग्न होतं आणि मला पत्रापत्रीचं एकही काम डोक्याला नको होतं. एवढंच.

त्या वर्षी मुदत वाढली नाही.

स्तामेनाने शहरात जाऊन चौकशी केली. नव्या अभ्यासक्रमात यायचं तर आणखी अकरा परीक्षा, आणि वर्गावरचा सराव पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून, त्या बाई कसं शिकवतात ते वहीत टिपून आणायचं. पोरांना दोन हिवाळ्यांत वाचायला लावणारी बाई. “आईला एवढे दिवस टाकून नाही जाता येणार,” ती मला म्हणाली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. मी मात्र स्वतःची समजूत काढली, की जाऊ दे, ग्राबला येतंय कोण मरायला.

त्यानंतर तीन वर्षांनी आली. यागोदा.

ग्राबच्याच सुताराची मुलगी. स्तामेनानेच तिला पहिली ते चौथी शिकवलं, पुढेही दर सुट्टीत शिकवलं, पदवीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतली, प्रवेशाचा फॉर्मसुद्धा तिच्या हाताला धरून भरला. त्या वर्षापासून जाहिराती कॉम्प्युटरवर टाकणं सक्तीचं झालं होतं. मी जिन्यापाशी लावली होती, नेहमीसारखी. पण कॉम्प्युटरवरही टाकली होती, आणि तिकडे ती सगळ्या देशाला दिसत होती, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

यागोदा अक्रोडाचा केक घेऊन कचेरीत आली. पदवीची प्रत, जन्मदाखला, सगळं पारदर्शक पिशवीत नीट लावलेलं. “रोसाकाकू, ग्राबला दुसरी जागा निघाली ना? बाईंबरोबर काम करायला मिळणार मला. मी त्यांना अजून सांगितलं नाही, गंमत करायची आहे.”

“दुसरी कुठली जागा, बाळ,” मी म्हटलं. “एकच आहे.”

मग तिला सगळं सांगावं लागलं. बाईंना पदवी नाही हे ग्राबच्या एकाही पोराला कधी माहीत नव्हतं. त्यांना कोण सांगणार, आणि कशाला. यागोदा ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. ती म्हणाली, “मग माझा अर्ज परत द्या.” मी दिला असता. शपथेवर सांगते, तिथल्या तिथे दिला असता आणि आवकच्या वहीतलं पान फाडलं असतं. पण वरच्या मजल्यावरून व्लादेता आले, त्यांनी पदवी पाहिली आणि धपकन खुर्चीत बसले. “कॉम्प्युटरवर नोंदवला असेल ना तिने?” त्यांनी विचारलं. नोंदवला होता.

“तरी मी मागे घेऊ शकते,” यागोदा म्हणाली.

तशीच ती बसने वर गेली. मीही गेले तिच्याबरोबर, कारण ती एकटी गेली असती तर मला झोप लागली नसती. स्तामेना अंगणात मिरच्या भाजत होती. आम्हाला दोघींना एकत्र बघितलं तेव्हाच तिला कळलं असावं. यागोदा रडत रडत सगळं बोलली. स्तामेनाने हात पुसले, पिशवीतून पदवी बाहेर काढली आणि ती पूर्ण वाचली, अगदी शेवटच्या सहीपर्यंत. “वाद्यात दहापैकी दहा,” ती म्हणाली. “बघ, मी म्हणत होते ना, डावा हात सैल सोड.”

“बाई, मी अर्ज मागे घेते.”

“आणि मग? पुन्हा जाहिरात निघेल. आता ती सगळ्यांना दिसते. नोकरी नाही म्हणून कुणी तरी येईल, पहिला बर्फ पडला की पळून जाईल. वर्षभर बाई नाही म्हणून शाळा बंद करतील. पोरं खाली जायची ती पहाटे साडेपाचला उठून. नाही, तू ये. तू पळणार नाहीस.”

“तुमची जागा मी कशी घेऊ?”

“घेते आहेस कुठे, मी देतेय,” स्तामेना म्हणाली. “आणि रडणं बंद कर. पुढच्या आठवड्यात पोरं आली की त्यांच्यासमोर रडायला मिळणार नाही तुला.” मग ती माझ्याकडे वळली. “रोसाताई, मिरच्या बांधून देते, घेऊन जा.”

मी मिरच्या घेतल्या. बसमध्ये त्या मांडीवर ठेवून सबंध वाटभर रडले. म्हातारं माणूस असं भर बसमध्ये रडताना बघून ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

नव्या बाईंना पहिलं वर्ष उमेदवारीचं असतं. शिकवण्याचं लायसन असलेल्या एखाद्या शिक्षकाच्या हाताखाली ते काढायचं, मग लायसनची परीक्षा. यागोदा म्हणाली, “माझ्या फॉर्मवर स्तामेनाबाईंचं नाव घाला.” कसं घालणार? ज्याला स्वतःला लायसन नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, असं कायदा म्हणतो. मी खालच्या शाळेतल्या एका बाईंचं नाव घातलं. त्या जन्मात ग्राबला गेलेल्या नाहीत.

सप्टेंबरात ग्राबच्या शाळेत झाडलोट करायला, लाकडं फोडायला आणि शेगडी पेटवायला माणूस हवा होता. आधी ते सगळं स्तामेनाच करायची, शिकवण्याआधी अर्धा तास. पण यागोदाच्या नेमणुकीसोबत तपासणी झाली आणि ती जागा वेगळी भरायला सांगितली. जाहिरात मी दर्शनी दारावर लावली. एकच अर्ज आला.

“स्तामेना, हे करू नकोस,” मी म्हटलं.

“का? वाडीत दुसरं काम कुठलं आहे? आणि यागोदाला कुठे काय ठेवलंय ते कोण दाखवणार?” तिने कागद पुढे सरकवला. या जागेला शिक्षण लागतं आठवी पास. तिने आठवीचा दाखला जोडला होता. छाननीत एकही त्रुटी निघाली नाही. नेमणूकपत्रावर मुदतीचा रकाना असतो, स्तामेनाच्या पत्रावर तिथे सतरा वर्षं मी ‘पदवीधर मिळेपर्यंत’ लिहीत आले होते. या खेपेला ‘कायम’ लिहिलं. आधी सवयीने जुनेच शब्द टाइप झाले होते, म्हणून पत्र दुसऱ्यांदा टाइप करावं लागलं.

नोव्हेंबरात यागोदाच्या फॉर्मवर तिची सही घ्यायला मी वर गेले. वर्ग चालू होता. यागोदा फळ्यापाशी उभी होती, छान शिकवत होती, अगदी स्तामेनासारखं. स्तामेना लाकडांचा भारा घेऊन आत आली आणि मागची मोठी मुलं सवयीने उठून उभी राहिली. पुढच्या बाकावर पहिलीतली एक चिमुरडी होती, दोनच महिन्यांपूर्वी शाळेत आलेली. ती बसूनच राहिली.

“मावशी, माझे मोजे ओले झालेत,” ती म्हणाली.

“ए, मावशी काय म्हणतेस?” मागून चौथीतली एक मुलगी खेकसली. “बाई आहेत त्या आमच्या.”

स्तामेनाने भारा खाली ठेवला. चिमुरडीचे मोजे काढून शेगडीपाशी वाळत घातले. मग ती सरळ उभी राहिली आणि मुलांकडे वळली.

“ती बरोबर बोलतेय,” ती म्हणाली. “बाई त्या, फळ्यापाशी उभ्या आहेत त्या. मी मावशी. आजपासून सगळ्यांनी तसंच म्हणायचं. म्हणा बघू.”

मुलं तिच्या हाताखाली तयार झालेली. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.