ठणठणीत

दवाखान्याच्या धुलाईघरात दोघी जावा एकच चादर चार हातांनी धरून तिची घडी घालत. यंत्रांची घरघर एवढी, की दोन हातांवरून बोललेलंही ऐकू येत नसे. म्हणून टोकाला टोक भिडवायला जवळ आल्या की एक वाक्य बोलायचं, मागे सरायचं आणि पुढच्या चादरीला दुसरं. सासू, नवरे, पोरांचे खोकले, सगळा संसार त्यांनी असाच तुकड्यातुकड्यांनी बोलून काढला होता.

"दिवस गेलेत," धाकटी म्हणाली आणि मागे सरली.

थोरलीच्या हातून चादर सुटली.

तिला गच्ची आठवली. चिमी तान्ही असताना धाकटी आपल्या या लेकीला छातीशी धरून कठड्यापाशी उभी होती. आपण तिथं कशा आलो, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. थोरलीनं दंडाला धरून तिला मागे खेचलं. त्यानंतर कितीतरी महिने धाकटी पोरीला उचलून घ्यायलाही घाबरायची. दोघींनी याची वाच्यता कुठे केली नाही. वस्तीतल्या एका भांडीवालीनं सरकारी बाईपुढे असंच मन मोकळं केलं होतं, तर तिची पोरं उचलून आश्रमात नेली. तेव्हापासून खुर्चीवरच्या माणसानं काहीही विचारलं तरी वस्तीतल्या बायकांचं उत्तर एकच, सगळं छान आहे.

आणि कायदा म्हणाल तर मोठा दयाळू! गर्भ पाडायला बंदी, पण बाईच्या जिवाला किंवा मनाला धोका असेल तर तीन डॉक्टरांची समिती परवानगी देणार. हे 'मनाला' मात्र वस्तीत येऊन कुणी सांगितलं नाही. दोघींना ठाऊक होतं ते एवढंच, की मोकळं व्हायचं तर समितीपुढे जायचं आणि शहाण्यासारखं वागायचं.

थोरलीनं धाकटीसाठी आपले ठेवणीतले कपडे धुलाईघरातल्या इस्त्रीखाली कडक करून आणले. धाकटीचे केस चापूनचोपून विंचरले.

"रडायचं नाही हं. वेडी ठरवतील, पोरं नेतील. विचारलं तर सांग, मी ठणठणीत आहे."

समितीतल्या वयस्कर डॉक्टरीणबाई काही वाईट नव्हत्या. चष्मा काढून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "झोप लागते?"

"लागते की."

"मागच्या बाळंतपणानंतर मनाला काही त्रास?"

धाकटीनं दाराकडे पाहिलं. दाराबाहेर चिमी थोरलीच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती, त्या आत ऐकू येत होत्या.

"नाही हो. मी ठणठणीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडून जरा वाट पाहिली. मग नकारावर सही केली, शेजारच्या दोघांनीही केली.

बाहेर नर्सनं निकाल ऐकला आणि कपाळावर हात मारला. "अहो बाई, मनाचं काही सांगितलं असतंत तर झालं असतं ना!"

धाकटी तशीच मागे फिरली. दार लोटून आत गेली आणि उभ्या उभ्या सगळं ओकून मोकळी झाली. गच्ची, कठडा, ते महिने, हल्ली पहाटे उठलं की परत जिन्याकडे वळणारे पाय. बोलता बोलता तिचा विंचरलेला केस न् केस सुटला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. "पाच मिनिटांपूर्वी तर ठणठणीत होतात. आता बाहेर कुणी शिकवून पाठवलं का?"

शिकवून पाठवलं होतं ते मघाशी. पण हे ती सांगणार तोच शिपायानं पुढच्या बाईला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा कामावर. थोरलीची मान वर होत नव्हती. रडू नकोस म्हणणारी जीभ झडली असती तर बरं, असं तिला वाटत होतं. चादरी येत होत्या, घड्या पडत होत्या.

टोकं भिडली तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, चिमीला आजपासून तुमच्याकडे झोपवा."

मागे सरल्या. पुढची चादर.

"अगं, का?"

पुन्हा मागे. पुन्हा जवळ.

"मला माझा भरवसा नाही."

त्या चादरीची घडी झाली, पण थोरली मागे सरली नाही. तिनं घडीसकट धाकटीची दोन्ही मनगटं गच्च पकडली. बिनघडीच्या चादरींचा ढीग वाढत चालला, तिकडून मुकादम ओरडला, तरी सोडली नाहीत.

"ताई, मुकादम बघतोय."

"बघू दे."

"किती महिने अशा धरून ठेवणार आहात?"

थोरलीनं मनात महिने मोजले आणि पकड आणखी घट्ट केली.