गॅरेजातल्या चादरीवरची बाई

“आधी दिवा थंड होऊ दे, मगच वायर काढ!” शाळेतल्या बाई मुलांना रोज बजावायच्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे.

ऑकलंडच्या एका शाळेत ज्वालामुखी आणि देवमासे दाखवत मी उमेदीची वर्षं काढली. मग तिथं मोठाले टीव्ही आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. सुरेखाताई नावाच्या एका मराठी बाईंनी मला ऑकलंडच्याच बॉटनी डाउन्स भागात आपल्या घरी आणलं, पुसलं, हळदकुंकू वाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजमधली गाडी बाहेर काढायची, पांढरी चादर ताणायची, की शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन हजर. “काय स्पष्ट दिसतं हो!” ऐकून मी फुलून जायचो.

माझ्या चादरीवरच्या सिनेमांत कृष्णवर्णीय बायकाही यायच्या. कधी ट्रे घेऊन मागे उभ्या, कधी कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या, आणि बऱ्याचदा केवढंही दुःख गिळून ताठ चालणाऱ्या. त्या ताठ बाईला टाळ्या पडत. मला वाटे, आपण चांगलंच दाखवतोय.

शेजारच्या न्याशाताई झिम्बाब्वेच्या, ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात इंजिनियर. या हिवाळ्यात त्यांची आई तिकडे वारली. त्यांना पोचताही आलं नाही. दुःखाच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, हा सुरेखाताईंचा नेम. मैत्रीण अनुराधाताईंचे वडील गेले तेव्हा रोज पिठलंभात पोचवला होता. न्याशाताईंना मात्र कुंपणावरूनच म्हणाल्या, “यू आर सो स्ट्राँग!”

“डबा नाही द्यायचा तिला?” अनुराधाताईंनी विचारलं.

“अगं, ती कसली खचतेय! कशी ताठ चालते बघ. आपणच मेल्या रडूबाया.”

“जस्ट लाइक दॅट मूव्ही लेडी, आई!” सुरेखाताईंच्या लेकीनं, मैत्रेयीनं री ओढली.

काल न्याशाताई सिनेमाला आल्या. चादरीवरच्या बाईनं लेकाला मूठमाती दिली, डोळ्यांत टिपूस नाही. टाळ्या पडल्या. आणि न्याशाताई ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागल्या. सुरेखाताईंनी घाबरून मला थांबवलं.

“तू... रडतेस?”

“मग काय करू? आई गेली माझी,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “सगळे म्हणतात, तू खंबीर आहेस, आणि आपापल्या घरी जातात. टोस्ट खाऊन कंटाळले गं.”

“ही नटी आवडली नाही का?”

“छे, फार आवडते! पण ‘कट’ म्हटल्यावर ती तरी रडत असेल की.”

सुरेखाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला. “उद्यापासून जेवण माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही.”

मित्रांनो, कालपासून माझं डोकंच चालेनासं झालंय. नटीचं काम खरं, टाळ्याही मनापासूनच्या. मग चूक कुणाची? मी तर नुसता उजेड टाकतो. पण त्याच उजेडात पाहून पाहून एका देवभोळ्या बाईला शेजारचं दुःख दिसेनासं झालं. मला काही उलगडत नाही. एवढंच मागतो, माझं भिंग पुसता ना, तशी सिनेमा संपल्यावर आपली नजरही पुसत जा.

आज सकाळी पूजा आटोपून सुरेखाताई गॅरेजमध्ये आल्या. शनिवारचा उपास, स्वतः नुसत्या दुधावर. हातात मऊ खिचडीचा गरम डबा होता. त्यांनी पायांत जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, सरकवल्या आणि दवानं भिजलेल्या हिरवळीवरून, कुणाला हाक न मारता, न्याशाताईंच्या दाराकडे चालू लागल्या.