झडप बसली का?

मी खाडीच्या तोंडावरची झडप बोलतेय. माझ्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि डोक्यावरून गावाची पायवाट. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याचं बोलणं आपसूक कानावर पडतं. मुद्दाम ऐकते असं नाही, पण कान बंद करते असंही नाही.

माझा जन्म या बंधाऱ्यावरच झाला. सुताराने खाऱ्या पाण्याला दाद न देणाऱ्या जाड फळ्या एकीला एक जोडल्या, लोहाराने त्यांवर पट्ट्या ठोकल्या. दोघांचं एक मिनिट पटलं नाही. "तुझ्या पट्ट्या नसत्या तरी माझं लाकूड उभं राहिलं असतं," सुतार म्हणायचा. "हो, चुलीत," लोहार म्हणायचा. शेवटी माझ्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावली आणि साखळीने मला खाचेत सोडलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. भरती आली की बंधाऱ्याची बाकीची दारं उघडतात, खाडी काठोकाठ भरते आणि दारं लागतात. मग समुद्र उतरला की मला वर उचलतात. अडवलेलं पाणी माझ्या पायाखालून बोगद्यात घुसतं, तिथलं लोखंडी चक्र गरगर फिरवतं आणि समुद्राला जाऊन मिळतं. चक्र फिरलं की गावात वीज. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून गावाचा दिवसही सरकतो. शिवणवाली बाई कधी सकाळी इस्त्री करते, कधी तिन्हीसांजेला. "आमच्याकडे नवऱ्याच्या शर्टाची घडी समुद्राला विचारून घालतात," असं ती माझ्या डोक्यावर उभी राहून सांगते.

मला वरखाली करायचे ते मिस्त्री. बंधाऱ्याच्या टोकाला दोन खोल्या आहेत, त्या त्यांना कामासोबत मिळालेल्या. बायको लवकर गेली. लेकीला त्यांनी एकट्याने वाढवलं, वेण्यासुद्धा स्वतः घातल्या, वाकड्या का होईना. पुढे लेक त्यांच्याच हाताखाली कामाला लागली. आता चौतिशीची आहे.

पंधरवड्यातून एकदा, मोठ्या ओहोटीला, चक्राची सफाई असते. पात्यांना शिंपले चिकटतात, ते खरवडले नाहीत तर चक्र जड होतं. तेव्हा मला खाली सोडून बोगदा रिकामा करतात आणि लेक शिडीने आत उतरते. पलीकडे मी एकटी अख्खी खाडी पाठीवर पेलत असते. म्हणून तिने उतरण्याआधी मिस्त्री लोखंडी गज घ्यायचे. त्याचं एक टोक माझ्या पाठीला, दुसरं आपल्या कानाला. मी नीट बसले असेन तर गज मुका असतो. खाली खडा, दोरी, काही अडकलं असेल तर गजातून सूं आवाज येतो. बोगद्यात थोडंफार पाणी नेहमीच झिरपतं, अंधारात ते किती हे डोळ्यांनी कळत नाही. कानाशिवाय इलाज नाही.

"बसली का?" लेक विचारायची.

"बसली," मिस्त्री म्हणायचे. त्या एका शब्दावर ती खाली जायची.

गेल्या वर्षी माझ्या काही गोष्टी लक्षात आल्या. पाववाल्याने मागून सायकलची घंटी वाजवली तरी मिस्त्री बाजूला होत नसत. लोक हसले की तेही हसत, पण जरा उशिराने. बोलणाऱ्याच्या डोळ्यांऐवजी ओठांकडे बघत. मी काय ते समजले. पण मला विचारतंय कोण?

मग ती दुपार आली. माझ्या उजव्या कोपऱ्याखाली फाटक्या जाळ्याची गुंडाळी अडकली होती. मिस्त्रींनी गज लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले. दुसऱ्या कानाला लावून पाहिला. मी होता नव्हता तेवढा जोर लावून सूंकारत होते.

"बसली," ते म्हणाले.

अर्ध्या तासाने जाळं सरकलं, रबर निघालं आणि पाण्याचा लोट आत घुसला. "बाबा, पाणी," लेक ओरडली. मिस्त्री बोगद्याच्या तोंडाशीच पाठ करून साखळीला वंगण लावत होते. ती पुन्हा ओरडली. ते वंगणच लावत राहिले. पाणी छातीपर्यंत चढलं तेव्हा तिच्या हाताला शिडी लागली. कशीबशी वर आली. गुडघा फुटला होता, हातातलं खरवडायचं हत्यार वाहून गेलं होतं. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा मिस्त्रींना कळलं.

तिने गज उचलला, माझ्या पाठीला लावला आणि दुसरं टोक त्यांच्या कानाशी धरलं.

"काय ऐकू येतंय?"

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. "काही नाही."

तिने गज आपल्या कानाला लावला आणि चटका बसावा तसा दूर केला. "कधीपासून?"

"वर्ष होईल."

"आणि दर पंधरवड्याला मला खाली सोडत होतात?"

"सवयीने अंदाज यायचा गं. कान गेला म्हटलं की काम गेलं, खोल्या गेल्या. तुला घेऊन कुठे जाणार होतो?"

"मी खालीच राहिले असते, तर त्या खोल्यांत कोण राहिलं असतं, बाबा?"



लेकीने बंधाऱ्याच्या कचेरीत साहेबांना काही कळवलं नाही. नवं रबर तिनेच लावलं. तीन दिवस दोघं माझ्यावरून वेगवेगळे आले गेले. चौथ्या दिवशी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून एकटेच निघाले. वाटेत बर्फाच्या कारखान्याचा मालक भेटला.

"मिस्त्री, एवढे नटून? स्थळ बघायला की काय?"

"साहेबांना सांगायला चाललोय, मला ऐकू येत नाही." एवढ्या मोठ्याने म्हणाले, की लांबून येणारी शिवणवाली थबकली.  कारखान्याचा मालक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चार पावलं सोबत गेला.

साहेब बराच वेळ रागावले म्हणतात. मग गज लेकीकडे आला, खोल्याही तिच्या नावे झाल्या. मिस्त्री मदतनीस झाले. पात्यांची सफाई कुणी करायची, असा प्रश्न निघाला. "मी करणार," मिस्त्री म्हणाले. "तुमचं वय काय," लेक म्हणाली. "ते ऐकू आलं नाही," मिस्त्री म्हणाले. त्या घटनेनंतर लेक तेव्हा पहिल्यांदा हसली.

आता माझं लाकूड आतून मऊ पडलंय. पुढच्या आठवड्यात पोलादी झडप येणार आहे. ती नीट बसली की वर हिरवा दिवा लागेल, गजाची गरज उरणार नाही. चांगलंच आहे. तिला माझं सांगणं एवढंच, की दिवा माणसांसाठी असतो. तू आपली खाली कोण उतरलंय ते लक्षात ठेव.

आज माझ्या हातची शेवटची सफाई. लेकीने मघाशी गज लावून ऐकलं. मला वर घेऊन पुन्हा खाली सोडलं, पुन्हा ऐकलं. मग बापाच्या समोर जाऊन, तोंड नीट दिसेल अशी उभी राहून म्हणाली, "बसली." मिस्त्री पाण्याकडे न बघता शिडी उतरले.

ते आत आहेत. पाती खरवडल्याचा आवाज येतोय. लेक माझ्या डोक्यावर बसलीय, जागची हललेली नाही. खाडी भरलेली आहे आणि मी अंग दाबून धरलंय. मला निरोप द्यायचा तर जरूर द्या, पण ते वर आल्यावर.