पाय बाहेर काढावेत

त्या मंगळवारपासून लोक आरोग्य केंद्राच्या दारात चपलांबरोबर पायही काढून ठेवू लागले. पाय घोट्यापासून अलगद निघत. लोक ते चपलांसकट भिंतीशी लावून ठेवत आणि जमिनीपासून वीतभर वरून सरकत आत येत. कुणाचे काही अडले नाही.

मी मधुमेहाच्या लोकांना पायांची काळजी घ्यायला शिकवते. अनवाणी फिरू नका, असे मी आत सांगते आणि दारावर डॉक्टरांची पाटी आहे : चपला बाहेर काढाव्यात. ही दोन्ही वाक्ये इतकी वर्षे एकमेकांशेजारी सुखाने नांदत आली आहेत. मी डॉक्टरांशी बोलले नाही असे नाही. पण फरशी नवीन आहे.

मी नेहमीचेच सांगितले. रोज तळवे बघा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तळव्याचे कुरूप ब्लेडने कापू नका. वाकता येत नसेल त्यांना जमिनीवर ठेवून तळवे बघायला आरसे वाटले, तर पुरुषांनी त्यात मिशा नीट केल्या.

"पाय बाहेर ठेवून इथे काय शिकणार तुम्ही?" मी विचारले.

"तुम्ही सांगा हो. आम्ही ऐकतोय," दामोदर फुलारी म्हणाले. त्यांचे पेठेत पेढ्यांचे दुकान आहे. माणूस मोठा गोड. माझ्या प्रत्येक वर्गाला येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि घरी जाऊन भट्टीपुढे अनवाणी उभे राहतात.

जाताना निम्म्यांनी पाय नेले, निम्मे विसरले. पुढच्या मंगळवारी कुणीच नेले नाहीत. पाय व्हरांड्यात मावेनात म्हणून मी ते आतल्या बाकांवर मांडले. मग लोकांना बसायला जागा उरली नाही आणि लोक यायचे थांबले. मी पायांना शिकवू लागले. ते माणसांपेक्षा शांत बसत.

सकाळी मी सगळे पाय धुते, पुसते, टाचांना तेल लावते. फुलारींच्या डाव्या तळव्यात चपलेचा खिळा रुतलेला होता. किती दिवसांचा, देव जाणे. मी तो काढला, पण अंगठा काळा पडला होता. जखम धुऊन बांधली तरी भरेना. अंगाला न लावलेल्या पायाची जखम भरत नाही.

डॉक्टरांनी पाय उलटापालटा करून पाहिला. "काळेपणा घोट्याला पोचला की हा परत बसणार नाही. त्यांना आजच लावायला सांगा," ते म्हणाले आणि फुलारींसाठी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. जखम मांडीला अन् मलम शेंडीला.

मी पाय टॉवेलात गुंडाळला आणि निघाले. गल्ली चालावे तशी अरुंद होत गेली. शेवटी मला अंग आडवे करून सरकावे लागले, पाय उराशी धरून. वाटेतल्या घरांत माणसे माळ्याच्या उंचीवर बसून चहा पीत होती. मला कंटाळा आला होता. खरे तर कंटाळा नव्हे, रडू येत होते. पण दोन्ही हात गुंतलेले होते.

फुलारीकाकूंनी दार उघडले. "पाय बाहेरच ठेवा, सिस्टर. आत्ताच फरशी पुसलीय."

"काकू, हा त्यांचा आहे. आज लावला नाही तर कायमचा जाईल."

"ते सुखात आहेत हो. गुडघ्यांची कुरकुरसुद्धा थांबली."

मी तशीच आत शिरले. फुलारी छताला पाठ टेकून तरंगत होते. पंखा काढून टाकलेला होता.

"काका, खाली या. पाय आणलाय."

"कशाला त्रास घेतलात? दुखत तर काहीच नाही."

"दुखत नाही तेच तर वाईट आहे. किती वेळा सांगितलं मी."

"सांगितलंत ना. मी ऐकलं की."

मी स्टुलावर चढले. हात पुरला नाही. स्टुलावर डबा ठेवला, तरी वीतभर अंतर उरलेच. टॉवेल सुटला. काळेपणा पायाच्या कमानीपर्यंत आला होता. मला दुसरे काही सुचेना. मी पाय उलटा करून, तळवा वर करून त्यांच्यासमोर धरला.

फुलारींनी तो बराच वेळ पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असावेत. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"अरेरे," ते म्हणाले. "कुणाचा आहे हो हा?"

मी सांगितले.

त्यांना ते ऐकू गेले नाही. ते रडत होते आणि त्यांचे अश्रू खाली जखमेवर पडत होते. "त्या बिचाऱ्याला सांगा कुणीतरी," ते म्हणाले, "पायाला जप म्हणावं."

माझ्या हातातल्या पायाची बोटे त्या आवाजाकडे वळली.