बाजाराच्या बाजूची खिडकी

"ती खिडकी लाव आधी!" प्रतीक्षा दारातूनच ओरडली. शांततेसाठी तिने स्वतःच आखलेल्या खोलीत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच झाला.

रत्नदीप, तिचा धाकटा भाऊ, जागचा हलला नाही. "वारं येऊ दे की जरा, ताई. हितं आपलाच श्वास ऐकू येतो. येड लागंल मला!"

प्रतीक्षा दवाखान्यांच्या खोल्यांची आखणी करायची. सजावट म्हटलेलं तिला खपत नसे. घोडेगावातल्या या नव्या उपचार केंद्रासाठी तिने भिंतींना फिकट हिरवा रंग दिला, डोळ्यांवर न येणारे दिवे लावले, चाकं वाजू नयेत अशी फरशी शोधून आणली. खिडकीपलीकडेच आठवडे बाजार भरतो, म्हणून दुहेरी काचेसाठी तर ती संचालकांशी अगदी हातघाईवर आली होती. बरं व्हायला माणसाला शांतता लागते, हे तिचं ठाम मत. आणि सगळं मनासारखं झाल्यावर त्याच खोलीत तिची आई येऊन पडली.

कोंडाबाईचं सारं आयुष्य त्या काचेपलीकडे गेलं होतं. डिंभ्याच्या धरणातली मासळी पाटीत भरून सकाळच्या एसटीने यायचं आणि बाजार उठेपर्यंत ओरडायचं. वजन झालं की एक चिलापी मासळी फुकट वर टाकायची, पोरंबाळं बरोबर असलेल्या बाईला तर हमखास. अर्धांगवायूत उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. ती माणसं ओळखायची, पण शब्द फुटत नव्हता. वाचा शिकवणाऱ्या श्रेयामॅडम रोज तिच्याकडून मुलांची नावं म्हणवून घ्यायला बघत. ती ओठ हलवायची, चिडायची आणि भिंतीकडे तोंड करायची. मग प्रतीक्षा पडदा सारखा कर, दिवा मंद कर, असं काहीबाही करत राही. आईने एकदा 'प्रतू' म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आज बाजार हाय," रत्नदीप म्हणाला. "तिला ऐकू तरी दे."

"त्रास होईल तिला. तुला काय कळतंय?" त्याला बाजूला सारून प्रतीक्षाने खिडकीला हात घातला. तेवढ्यात खालून एका मासळीवालीची खणखणीत आरोळी आली.

पलंगावर कोंडाबाईचा डावा हात हलू लागला. पाटीवर पाणी शिंपडावं तसा तो चादरीवरून फिरला. मग तोंड वाकडं होत जड आवाज निघाला, "ताजी... ताजी हाय!"

"ताई! आई बोलली!" रत्नदीप उडालाच.

खिडकी तशीच सोडून प्रतीक्षा पलंगाशी आली. "आई, माझं नाव सांग. मी कोण? प्रतू ना? म्हण, प्रतू."

कोंडाबाई तिच्याकडे बघत राहिली. ओठ जुळले, थरथरले, आणि पुन्हा तेच बाहेर पडलं, "ताजी हाय." आपलं चुकलं हे तिचं तिलाच कळलं. डोळे भरून आले आणि तोंड भिंतीकडे वळू लागलं.

प्रतीक्षाला भडभडून आलं. त्या हाकेसाठी ती किती दिवस थांबली होती, आणि आईकडे होते ते शब्द तिच्यासाठी नव्हतेच. ती खाली वाकली. बाजाराच्या गलक्यात ऐकू जावं म्हणून तिला ओरडावंच लागलं.

"कशी दिली, मावशी?"

कोंडाबाईचं तोंड अर्ध्यातच थांबलं. "घे गं बाई... सकाळचीच हाय."

"दे मग."

प्रतीक्षाने पिशवीतले रंगांचे नमुने जमिनीवर ओतले आणि रिकामी पिशवी आईपुढे उघडून धरली. कोंडाबाईच्या डाव्या हाताने चादरीवरून काहीतरी मूठभर गोळा केलं आणि पिशवीत टाकलं. प्रतीक्षा पिशवी मिटणार, तोच हात पुन्हा उचलला गेला आणि त्याने वर एक टाकली.